जमिनीवरचे जुने हक्क कधी संपतात? वारस, गहाण, कूळ आणि वक्फ : कायदा काय सांगतो

जमीन आणि घराचे भांडण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालते. आजोबांनी गहाण टाकलेले शेत, आत्याचा न दिलेला हिस्सा, सातबाऱ्यावर पन्नास वर्षांपासून पडून असलेला सावकाराचा बोजा, कब्रस्तानच्या कडेने हळूहळू आत सरकलेले कुंपण. या सगळ्यांत प्रश्न एकच असतो : इतक्या वर्षांनी हा हक्क जिवंत आहे की मेला?

याबाबत समाजात दोन टोकाचे गैरसमज आहेत. काहीजण म्हणतात, "बारा वर्षे झाली की जमीन ताबेदाराची." काहीजण म्हणतात, "बापाची जमीन आहे, हक्क कुठे जातोय, कधीही मागू." दोन्ही अर्धवट खरे आहेत, आणि या अर्धवट माहितीपायीच अनेकांचे हक्क बुडतात. कायदा जुने दावे साफ करतो हे खरे. पण प्रत्येक दाव्याचे घड्याळ वेगळे असते, आणि ते घड्याळ सुरू कधी झाले यावर सगळे अवलंबून असते.

जुने दावे संपवायचेच कशाला?

आपल्या देशात सरकार कुणालाही पक्क्या मालकीचे प्रमाणपत्र देत नाही. सातबारा, मिळकत पत्रिका, नोंदणीकृत खरेदीखत हे सगळे मालकीचे पुरावे आहेत, मालकीची हमी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदीतील नोंद खरी आहे असे गृहीत धरले जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफार झाला म्हणून कुणी मालक होत नाही आणि नाव कमी झाले म्हणून कुणाची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे.

काही देशांत वेगळी पद्धत आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली टॉरेन्स पद्धत आली. तिथे सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तो मालक, आणि नोंदीत नसलेला जुना दावा सहसा चालत नाही. अमेरिकेच्या काही राज्यांत ठराविक वर्षांपूर्वीचे दावे पुन्हा नोंदवले नाहीत तर ते रद्द होतात. आपल्याकडे आंध्र प्रदेशने पक्क्या मालकीचा कायदा केला होता, पण २०२४ मध्ये तो मागे घेतला. त्यामुळे महाराष्ट्रात जुने दावे साफ करण्याचे मुख्य काम आजही मुदतीचा कायदा करतो.

बारा वर्षांचा नियम नेमका काय आहे

मुदत कायदा १९६३ हा १ जानेवारी १९६४ पासून लागू आहे. त्याच्या अनुच्छेद ६५ प्रमाणे मालकीच्या आधारे ताबा मागायचा दावा बारा वर्षांत करावा लागतो. मात्र ही बारा वर्षे आपण गाव सोडले त्या दिवसापासून किंवा वडील वारले त्या दिवसापासून मोजत नाहीत. समोरच्याचा ताबा आपल्या हक्काच्या विरोधात गेला, त्या दिवसापासून मोजतात.

विरोधात म्हणजे काय? ताबा उघड हवा, सलग हवा आणि "ही जमीन माझी आहे, तुझी नाही" या भूमिकेतून हवा. लपूनछपून केलेला ताबा चालत नाही. परवानगीने दिलेला ताबाही चालत नाही. भाडेकरू, राखणदार, किंवा "तुम्ही परदेशातून येईपर्यंत मी बघतो" म्हणणारा नातेवाईक तीस वर्षे बसला तरी केवळ बसला म्हणून मालक होत नाही. परवानगी संपून त्याने उघडपणे मालकी सांगितली, तिथून घड्याळ सुरू होते.

आता कलम २७ बघा. पैशाच्या कर्जाची मुदत गेली तर कोर्टात वसुली करता येत नाही, पण कर्ज मरत नाही. जमिनीचे तसे नाही. ताबा मागायची मुदत संपली की मालकाचा हक्कच नष्ट होतो. म्हणजे नंतर कितीही जुने आणि पक्के खरेदीखत काढून दाखवले तरी उपयोग नाही.

२०१९ मध्ये रविंदर कौर ग्रेवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. असा बारा वर्षांचा ताबेदार फक्त बचावात नाही, तर स्वतः दावा लावूनही मालकी मागू शकतो. जमीन सरकारी असेल तर सरकारला दाव्यासाठी तीस वर्षे मिळतात.

अज्ञान मुलांसाठी सवलत आहे. ताबा गेला तेव्हा वारस अठरा वर्षांखालील असेल, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षे, किंवा मूळची बारा वर्षे, यातली जी तारीख नंतर येईल तोवर दावा करता येतो. पाच वर्षांच्या यतीम मुलाची जमीन कुणी बळकावली तर बारा वर्षे तो सतराचा असतानाच संपतात, पण त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत संधी आहे. तोच मुलगा दहा वर्षांचा असता तर बाविसाव्या वर्षापर्यंत. मुलगा नोकरीला लागेल मग बघू, म्हणत बसणाऱ्यांनी हा हिशोब लक्षात ठेवावा.

फसवणूक झाली असेल, म्हणजे खोटे कागद करून हक्क दडवला असेल, तर कलम १७ प्रमाणे फसवणूक कळल्यापासून मुदत धरतात. पण "जरा लक्ष दिले असते तर केव्हाच कळले असते" असे कोर्टाला वाटले तर ही सवलत मिळत नाही.

भाऊ हा परका नाही : बहिणीच्या हिश्श्याचे काय

आपल्या घराघरांतला सगळ्यात मोठा प्रश्न हाच. वडील वारले, भावांनी आपलीच नावे लावून घेतली, बहिणी गप्प राहिल्या. वीस वर्षांनी बहिणीने विचारले की उत्तर येते, "आता मुदत गेली."

हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते. मुस्लिम कायद्यात माणूस वारला त्या क्षणी त्याच्या मालमत्तेत प्रत्येक वारसाचा ठरलेला हिस्सा तयार होतो. मय्यतीचा खर्च, कर्ज आणि एक तृतीयांशच्या मर्यादेतली वसीयत वजा जाता उरलेल्यात मुलगी, मुलगा, विधवा, आई हे सगळे सामाईक मालक असतात. आणि सामाईक मालकीचा नियम असा की एकाचा ताबा हा सगळ्यांचा ताबा. १९५६ साली मोहम्मद बाकर विरुद्ध नईमुन्निसा बीबी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. एका हिस्सेदाराचा ताबा दुसऱ्याच्या विरोधात धरायचा असेल, तर त्याने दुसऱ्याचा हक्क त्याला कळेल अशा रीतीने नाकारलेला हवा, त्याला बाहेर काढलेले हवे आणि त्यानंतर पूर्ण मुदत गेलेली हवी.

थोडक्यात, भावाने एकट्याने शेत कसले, उत्पन्न एकट्याने खाल्ले, सातबाऱ्यावर एकट्याचे नाव लावले, एवढ्याने बहिणीचा हक्क संपत नाही.

पण याचा अर्थ बहिणीने निवांत राहावे असा मुळीच नाही. पुढीलपैकी काही घडले तर घड्याळ सुरू झाले असे धरूनच चालावे :

• बहिणीने हिस्सा मागितला आणि भावाने लेखी उत्तरात किंवा कोर्टात "तुझा काही हक्क नाही" असे सांगितले.
• भावाने "मी एकटाच मालक" म्हणून पूर्ण जमीन बाहेरच्याला विकली, खरेदीदाराने ताबा घेतला आणि बहिणीला ते माहीत झाले.
• फेरफाराच्या वेळी बहिणीची हरकत आली आणि तिचा हक्क उघड नाकारून ती फेटाळली गेली.

भावाने पूर्ण जमीन विकली तरी त्याला विकता येतो फक्त त्याचा स्वतःचा हिस्सा. म्हणून जमीन घेणाऱ्यानेही सावध व्हावे. विकणाऱ्याच्या घरात बहिणी, आत्या, विधवा भावजय आहेत का, त्यांच्या सह्या आहेत का, हे आधी बघा. नाहीतर स्वस्तात घेतलेला प्लॉट कोर्टाच्या पायऱ्यांवर महाग पडतो.

दुसरा प्रकार म्हणजे लग्नाच्या वेळी किंवा वडील हयात असतानाच मुलीकडून "हिस्सा सोडला" असे लिहून घेणे. मुस्लिम कायद्यात वारसाहक्क मृत्यूनंतरच निर्माण होतो. जो हक्क अजून जन्मलाच नाही तो सोडता येत नाही, म्हणून असे लिखाण मुळात निरर्थक आहे. मात्र १९७३ च्या गुलाम अब्बास विरुद्ध हाजी कय्यूम अली निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक अपवाद सांगितला. हिस्सा सोडण्याबद्दल मोबदला घेऊन वागणुकीने समोरच्याला तशी खात्री दिली असेल, तर नंतर हक्क सांगण्यास ती व्यक्ती बांधली जाऊ शकते. म्हणून पैसे घेताना आणि अंगठा देताना कागद वाचून घ्या. वडिलांच्या मृत्यूनंतर केलेले हक्कसोडपत्र मात्र नोंदणीकृत असेल तर पूर्ण लागू होते. "फक्त तलाठ्याकडे सही करायची आहे" म्हणून कुणी कागद पुढे केला तर तो हक्कसोडपत्र तर नाही ना, हे आधी तपासा.

गहाण : आजोबांचे शेत परत मिळते का?

साध्या गहाणात जमीन सोडवून घेण्याची मुदत तीस वर्षे आहे (अनुच्छेद ६१). जुन्या १९०८ च्या कायद्यात ती साठ वर्षे होती. सोडवून घेण्याचा हक्क निर्माण झाल्यापासून, म्हणजे साधारणपणे परतफेडीची ठरलेली तारीख आल्यापासून ही मुदत चालू होते. उलट बाजूने, गहाणाचे पैसे वसूल करण्याच्या दाव्याची मुदत बारा वर्षे आहे.

ताबे गहाणाचा प्रकार वेगळा. यात सावकार जमीन कसतो आणि उत्पन्नातून व्याज किंवा मुद्दल फेडून घेतो. २०१४ च्या सिंग राम विरुद्ध शिओ राम निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा गहाणात नुसती तीस वर्षे उलटली म्हणून सावकार मालक होत नाही. उत्पन्नातून किंवा रोखीने पैसे फिटले, अथवा उरलेली रक्कम कोर्टात भरली, तिथून मुदत मोजायची. गावात "ते कधीच त्यांचे झाले" असे म्हणत असले तरी मूळ दस्त ताबे गहाणाचा आहे का, हे नोंदणी कार्यालयातून नक्कल काढून बघायला हरकत नाही.

"मुदत खरेदी"त मात्र फसगत होते. ठरलेल्या मुदतीत पैसे दिले तर जमीन परत, नाहीतर खरेदी कायम, असा हा व्यवहार. परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच कायदा त्याला गहाण मानू शकतो. अट वेगळ्या कागदावर किंवा तोंडी असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ प्रमाणे ते गहाण धरत नाहीत.

सावकाराने कर्जापोटी खरेदीखतच करून घेतले असेल तर आणखी एक दार आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ च्या कलम १८ खाली जिल्हा निबंधकाकडे तक्रार करता येते. चौकशीत व्यवहार सावकारीतला निघाला तर जमीन मूळ मालकाला परत देण्याचा आदेश होऊ शकतो. यासाठी व्यवहार तक्रारीपूर्वीच्या पंधरा वर्षांतला असावा लागतो.

एका तारखेने संपलेले हक्क

मुदतीचा कायदा एकेक दावा संपवतो. कूळ कायद्याने एकाच दिवसात लाखो एकरांचे हक्क बदलले. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात लागू असलेल्या १९४८ च्या कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला. त्या दिवशी जमीन कसत असलेले कूळ कायद्याने खरेदीदार मानले गेले. पुढे कलम ३२ ग खाली किंमत ठरते आणि ती भरल्यावर ३२ म चे प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र म्हणजे खरेदीचा निर्णायक पुरावा. जमीनमालक विधवा किंवा अज्ञान असेल तर ही तारीख पुढे ढकलली जाई, म्हणून अशा जमिनींचे वाद आजही निघतात. कोकणातली खोती, वैयक्तिक इनामे, वतने यांनाही वेगवेगळ्या कायद्यांनी पूर्णविराम दिला.

कोकणात किंवा देशावर ज्यांच्या आजोबांकडे खोती, इनाम किंवा कुळाची जमीन होती, त्यांनी ३२ ग चा निकाल आणि ३२ म चे प्रमाणपत्र आहे का हे शोधावे. कूळ असाल तर हा कागद जपून ठेवा. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून अशी जमीन विकण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही.

सातबाऱ्यावरचे मेलेले शेरे

कर्ज फिटते, माणूस मरतो, मूल मोठे होते, पण सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात नोंद तशीच राहते. तगाई कर्ज, बंडिंगचा बोजा, नजर गहाण, सावकाराचे नाव, "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. अ.पा.क. शेरा असलेला "अज्ञान" आज सत्तर वर्षांचा असतो! बँक कर्ज नाकारते, खरेदीदार मागे फिरतो.

राज्य सरकारने २०२५ च्या एप्रिलपासून "जिवंत सातबारा" मोहीम राज्यभर घेतली. आधी मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे, आणि पुढच्या टप्प्यात अशा कालबाह्य नोंदी कमी करणे, असे तिचे स्वरूप आहे. आपल्या उताऱ्यावर अशी नोंद असेल तर तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) अर्ज द्या. कर्ज फिटल्याची पावती किंवा सोसायटीचा बेबाकी दाखला असेल तर जोडा.

वारस नोंद करताना मुली आणि विधवांची नावे गाळू नका. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचे असते. उशीर झाला तरी नोंद होते. फेरफार मंजूर होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस काढतात आणि पंधरा दिवसांत हरकत घेता येते. ती वेळ गेली तर प्रांताधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील आहे. तीही संधी हुकली तरी दिवाणी कोर्ट बंद झालेले नसते.

वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस

"१४ दिवसांत हरकत न आल्यास हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल", अशा नोटिसा रोज छापून येतात. त्या वाचून घाबरू नका. अशी नोटीस वाचली नाही म्हणून हक्क गेला, असे कोणताही कायदा सांगत नाही. खरेदीदाराने चौकशी केली होती, एवढेच दाखवायला ती कामी येते. पण आपल्या गटनंबरची नोटीस दिसलीच, तर लेखी हरकत पाठवा आणि पोच ठेवा. गप्प राहण्यापेक्षा ते केव्हाही चांगले.

खरेदीआधी वकील तीस वर्षांचा शोध अहवाल काढतात. त्याचे कारणही मुदतीतच आहे : गहाण सोडवण्याची आणि सरकारच्या दाव्याची मुदत तीस वर्षांची आहे. मात्र तोंडी हिबा, न नोंदवलेला वारसा, ताबे गहाण या गोष्टी शोधात सापडतीलच असे नाही. म्हणून जागेवर जाऊन, शेजाऱ्यांना विचारून ताबा कुणाचा आहे हे बघणे तेवढेच गरजेचे.

वक्फ जमिनी : इथे घड्याळ नव्याने सुरू झाले आहे

ही बाब मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या प्रत्येक कमिटीने समजून घ्यावी अशी आहे.

वक्फ कायदा १९९५ च्या कलम १०७ ने वक्फ स्थावर मालमत्तेचा ताबा मागण्याच्या दाव्यांना मुदत कायदा लागू नाही असे ठरवले होते. म्हणजे कब्जा कितीही जुना असला तरी वक्फचा दावा मुदतीच्या कारणावरून फेटाळता येत नसे. त्यालाही मर्यादा होती. हा कायदा १ जानेवारी १९९६ ला लागू झाला, आणि त्याआधीच जो हक्क मुदतीने नष्ट झाला होता तो या कलमाने पुन्हा जिवंत होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये टी. कालियामूर्ती प्रकरणात सांगितले.

८ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या वक्फ दुरुस्ती कायद्याने हे संरक्षण काढले. आता वक्फ स्थावर मालमत्तेच्या दाव्यांनाही मुदत कायदा लागू आहे. दुरुस्ती कायद्याला आव्हान दिले गेले, आणि १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदींना स्थगिती दिली. मुदतीच्या तरतुदीला मात्र स्थगिती मिळाली नाही.

याचा सरळ अर्थ : "वक्फची जमीन आहे, कुठे जाते" ही बेफिकिरी आता परवडणारी नाही. अतिक्रमण दिसले की त्या वर्षाची तारीख, फोटो, मोजणी नकाशा यांची नोंद ठेवा, लेखी नोटीस द्या, वक्फ मंडळाला कळवा आणि वकिलाचा सल्ला घेऊन दावा वेळेत न्यायाधिकरणात जाईल असे बघा. नुसत्या नोटिसा आणि निवेदने पाठवत राहिल्याने मुदत थांबत नाही. मुदत थांबते ती दावा दाखल झाल्यावरच.

दोन तरतुदी अजून वक्फच्या बाजूने आहेत. मुदत कायद्याच्या कलम १० प्रमाणे धार्मिक किंवा धर्मादाय मालमत्तेचा व्यवस्थापक हा विश्वस्त मानला जातो. मुतवल्लीनेच मालमत्ता स्वतःच्या घशात घातली, किंवा मोबदला न घेता कुणाला देऊन टाकली, तर त्याच्याविरुद्धच्या वसुलीला मुदतीचे बंधन नाही. आणि मुतवल्लीने पैसे घेऊन जमीन विकली असेल, तर अनुच्छेद ९६ प्रमाणे नव्या मुतवल्लीला बारा वर्षे मिळतात. ती विकणाऱ्याचा मृत्यू, राजीनामा किंवा हकालपट्टी, अथवा नव्याची नेमणूक, यांतील जे शेवटी घडले त्यापासून मोजतात.

आज काय करावे

• आपल्या प्रत्येक गटाचा सातबारा, आठ अ, आणि शहरातल्या मिळकतीची मिळकत पत्रिका काढून ठेवा. वर्षातून एकदा तपासा.
• जुने फेरफार मागच्या पिढीपर्यंत काढा. नाव कुठे आणि कोणत्या कारणाने कमी झाले ते फेरफारातच कळते.
• परवानगीने कुणाला जागा दिली असेल तर ते लिहून ठेवा. दोन ओळींचा सहीचा कागद पुढे बारा वर्षांच्या वादात कामी येतो.
• हिस्सा मागायचा असेल तर आधी घरात बसून वाटप करा आणि ते नोंदवा. नाकारले गेले तर त्या नकाराची तारीख लिहून ठेवा. घड्याळ तिथून चालू झाले.
• दावा लावलाच तर दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवण्याबाबत वकिलाला विचारा, म्हणजे जमीन मधल्या काळात कुणाच्या गळ्यात मारता येणार नाही.
• वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

कायदा झोपलेल्या मालकाला एका मर्यादेपर्यंतच सांभाळतो, आणि ती मर्यादा बाहेरच्या ताबेदारासाठी वेगळी, सख्ख्या भावासाठी वेगळी, सावकारासाठी वेगळी आहे. आपल्या बाबतीत कोणती लागू आहे हे वेळीच विचारून घ्या. उतारा काढायला किरकोळ खर्च येतो आणि अर्धा दिवस जातो. ते न केल्याने गेलेली जमीन परत आणायला मात्र पुढच्या पिढीचे आयुष्य खर्ची पडते.